डोलीखालचा धाकलू

पौडच्या एस.टी. स्टँडसमोर माझं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल कसलं, चार खांब, वर पत्रे, दोन बाकडी आणि एक भट्टी. पण जागा मोक्याची. पुण्याची गाडी समोरच उभी राहायची. त्यामुळं लग्नाला निघालेला, कोर्टाला निघालेला आणि दवाखान्याला निघालेला, असे तिन्ही प्रकारचे लोक माझ्याच बाकड्यावर टेकायचे. कोण कुठं निघालाय ते मला चेहऱ्यावरून कळायचं. दवाखान्याला निघालेला माणूस चहात साखर कमी पडली तरी तक्रार करत नाही.

ही गोष्ट छप्पन-सत्तावन सालापासूनची. तेव्हा कोळवण खोऱ्यात उन्हाळ्यात बैलगाडी जायची, आणि पाऊस लागला की तीही बंद. वळकी नदी फुगायची, वाटेचा चिखल व्हायचा. अशात कुणी आजारी पडलं तर त्याला डोलीतून पौडला आणायचं आणि इथून गाडीत घालून पुण्याला न्यायचं. डोली म्हणजे पालखी समजू नका. एक जाड कळकाचा बांबू, त्याला दोन्ही टोकांना बांधलेलं घोंगडं, आणि त्या घोंगड्यात आजारी माणूस. पुढं दोघं, मागं दोघं, आणि खांदा बदलायला आणखी चौघं बरोबर.

ही डोली वाहायची उंबरटेपाच्या वाडीच्या माणसांनी. उंबरटेप म्हणजे कोळवणच्या वर, डोंगराच्या पोटात वसलेली दहा-बारा घरं. नदीला उतार कुठं मिळेल, निसरडं कुठं आहे, कड्याखालून पाण्याचा लोंढा कुठं येतो, हे सगळं त्यांना पाठ. कोळवणच्या लोकांना खाचरात उभं राहणं जमायचं, पण पावसात डोंगरकडेनं माणूस खांद्यावर घेऊन चालणं जमायचं नाही. निदान ते तसं म्हणायचे.

मी वर्षानुवर्षं ह्या डोल्या बघितल्या. अडलेल्या बाळंतिणी आल्या, ताप मेंदूत गेलेली पोरं आली, धाप लागलेली म्हातारी माणसं आली. एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली, आणि आल्यापासून डोक्यातून जात नाही. उंबरटेपाची माणसं डोलीखाली यायची. डोलीत कधीच नाही.

त्या डोलीखालच्या माणसांचा म्होरक्या म्हणजे धाकलू. पुढचा उजवा खांदा कायम त्याचा. उंचीनं बेताचा, पोटऱ्या दगडासारख्या, आणि खांद्यावर कळकानं पाडलेला घट्टा एवढा जाड की आम्ही त्याला चिडवायचो, "धाकलू, तिथं एक खुंटी ठोकून घे, टोपी अडकवायला बरी." तो हसायचा. स्टँडवर पोचला की आधी आजाऱ्याला बाकड्यावर नीट बसवायचा, त्याच्या तोंडाला पाणी लावायचा, मग स्वतः तांब्या उचलायचा. त्यानंतर मात्र त्याच्या बढाया सुरू. नदीला किती पाणी होतं, मधेच कोण घसरलं, आपण कसं सावरलं. ऐकणाऱ्यानं थोडं वजा करून ऐकावं, पण ऐकावं.

डोलीचे पैसे घ्यायचे नाहीत, हा वाडीचा नियम. आजाऱ्याच्या डोलीचा पैसा खाल्ला तर तो आजारी परत घरी येत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. आजाऱ्याच्या घरचा गुळाचा खडा आणि पाणी, बस्स. आणि एक न बोललेला करार, की आमच्या दारात डोली उभी राहील तेव्हा तुमच्या घरचा माणूस खांद्याला येईल. हा करार किती खरा ते कुणी कधी तपासून पाहिलं नव्हतं. वाडीच्या दारात डोली कधी उभीच राहिली नव्हती ना.

कोळवणचे हैबतराव हे खोऱ्यातलं बडं प्रस्थ. नदीच्या दोन्ही अंगाला भाताची खाचरं, लोकल बोर्डात ऊठबस, आवाज खणखणीत. छप्पनच्या पावसाळ्यात ह्या हैबतरावांचे पाय सुजले. आधी घोटे, मग पोटऱ्या, मग पोट. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून भिंतीला टेकून बसूनच राहायचे. धाकलूला बोलावणं गेलं. नेहमीच्या डोलीत निजवल्याबरोबर हैबतराव गुदमरायला लागले, डोळे पांढरे केले. बाकीचे गडबडले. धाकलूनं काय करावं? त्यानं भाताच्या तुसाचं पोतं भरून आणलं, घोंगडं एका बाजूला आखडून बांधलं, ते पोतं पाठीशी लावलं आणि हैबतरावांना खुर्चीत बसवावं तसं बसवलं. तशा बसत्या डोलीतून त्यांना पौडपर्यंत आणलं. धो धो पाऊस, नदीला छातीएवढं पाणी. डोली माझ्या दारात टेकली तेव्हा धाकलूचा खांदा सोलवटून निघाला होता आणि हैबतराव कोरडे होते.

पुण्याच्या दवाखान्यात त्यांना सुया टोचल्या, अंगातलं पाणी काढलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील आणि मिठाला हात लावायचा नाही. पण माणूस वाचला. महिन्याभरानं गाडीतून उतरले ते चालत उतरले. पाय काठीसारखे बारीक, पण चालते. कोळवणला पोचल्यावर भैरोबाच्या देवळात सगळ्या गावाला जमवलं, हातात भंडारा घेतला आणि म्हणाले, "आजपासनं उंबरटेपाची डोली ती माझ्या घरची डोली. वाडीच्या कुनाचंबी काय झालं, तर पयला खांदा माझ्या घरचा." लोकांनी माना डोलावल्या. हे सगळं धाकलूनं मला इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथं नव्हतो हे मलाच खरं वाटत नाही.

त्यानंतर हैबतरावांना दोनदा पुन्हा पाणी भरलं, कारण लोणचं सुटत नव्हतं. दोन्ही वेळा धाकलूनंच त्यांना खाली आणलं. त्या कळकाला आणि तुसाच्या पोत्याला हैबतरावांचं सिंहासन म्हणायचे लोक.

आता एक सभा सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. पौडच्या दवाखान्यानं खोऱ्यात पंधरवड्याला फिरता दवाखाना न्यायचं ठरवलं. डॉक्टर, एक नर्स आणि औषधाची पेटी. कुठं कुठं थांबायचं ते ठरवायला कोळवणच्या शाळेत सभा भरली. चहा माझा, म्हणून मी हजर. डॉक्टर पुण्याचे, तरुण, चांगले होते. त्यांनी विचारलं, "वर एक वाडी आहे ना? तिथंही यायला हवं का? चढ मोठा आहे, पण गरज असेल तर येऊ."

हैबतराव मोठ्यानं हसले. "उंबरटेपाची माणसं? डाक्टर, ती लोखंडाची हायेत. ह्या धाकल्यानं मला तीनदा खांद्यावर पेललंय. लई काटक जात. त्यांना कशाला सुया टोचताय? काय रं धाकल्या, तुमच्याकडं कुनाला हाय का माझ्यावानी धाप?"

सगळी सभा धाकलूकडं बघायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एवढ्या लोकांत कुणी काही विचारलं होतं. त्यानं छाती पुढं काढली. "न्हाई बा. आमच्या वाडीवर ह्यो आजारच न्हाई. आमी कंदी बघितलाच न्हाई."

आणि ह्यात तो खोटं बोलला नव्हता, हेच तर वाईट. त्यानं ज्या धापेच्या डोल्या वाहिल्या त्या सगळ्या खालच्या गावांतल्या. वाडीत पाय सुजले तर लावणीचं पाणी लागलं म्हणायचे. धाप लागली तर बाहेरचं झालंय म्हणायचे. आणि माणूस भिंतीला टेकून बसल्या बसल्या गेला, तर वय झालं म्हणायचे, मग ते वय चाळीस का असेना. आजाराला नाव मिळायला दवाखाना लागतो. वाडीचं कुणी दवाखान्यात गेलंच नव्हतं, म्हणून वाडीत आजार नव्हता. डॉक्टरांनी मान हलवली आणि फिरता दवाखाना कोळवणपर्यंत ठरला. हैबतरावांनी धाकलूच्या पाठीवर थाप मारली. मला त्या थापेचा आजही राग येतो.

धाकलूची बायको बाळाबाई. तिला मी चांगली ओळखायचो. उन्हाळ्यात करवंदं-जांभळं घेऊन पौडला यायची, माझ्या हॉटेलच्या सावलीत पाटी मांडायची. बोलायला एकदम फटकळ. माझ्या चहाला ती "रंगीत पानी" म्हणायची आणि तरी दोनदा मागून प्यायची. नवऱ्याच्या बढाया रंगात आल्या की पाटीवरूनच ओरडायची, "नदीला छातीयेवढं पानी कुटनं आलं? काल मला कमरंयेवढं सांगितलंस की!" आणि धाकलू गप्प. दोघांना मूल नव्हतं. एकमेकांना चिडवत दोघांचं चाललं होतं, आणि चांगलं चाललं होतं.

साठच्या उन्हाळ्यात ती आली नाही. एकदाच आली ती रिकाम्या हातानं, आणि बाकड्यावर बसून बराच वेळ काही बोललीच नाही. मी म्हटलं, "काय बाळाबाई, आज रंगीत पाणी नको का?" ती म्हणाली, "चढ लागतोय आताशा, शेट. उतरतानाबी चढच लागतोय." पस्तिशीची बाई. मी हसण्यावारी नेलं. वाडीतल्यांनी लावणीचं पाणी ठरवलं, मागच्या सालचं.

ओळखलं ते धाकलूनं. मृग लागून गेला होता. दुपारी बाळाबाई चुलीपुढं बसली होती आणि तो तिच्याकडं पाठ करून दोरी वळत होता. मागून श्वासाचा आवाज आला. ओला, भांड्यात पाणी खळबळावं तसा. त्यानं मला सांगितलं, "शेट, मला वाटलं हैबतआबाच आलंत घरात. मी उठून हुबा ऱ्हायलो." पुढच्या खांद्याला चालणाऱ्या माणसाच्या डोक्याच्या मागंच आजाऱ्याचं तोंड असतं. तो श्वास त्यानं तीन पावसाळे ऐकला होता. वळून बघतो तर बायको.

मग त्यानं तिचे पाय दाबून पाहिले. बोट रुतलं तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. हैबतरावांचाही असाच राहायचा. आता खरं म्हणजे घाबरायला हवं, पण धाकलूला धीर आला. कारण हा आजार त्याला माहीत होता. ह्यातनं माणूस उठतो हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुण्याला न्यायचं, सुया टोचायच्या, महिन्याभरात बाळी चालत गाडीतून उतरणार. तो तिला म्हणाला, "आबा उठलं, तू का न्हाई उठनार?" प्रश्न फक्त खाली नेण्याचा होता.

आणि खांदेच नव्हते. लावणीचे दिवस. वाडीतले सगळे धडधाकट बाप्ये दरवर्षीप्रमाणं खाली हैबतरावांच्या खाचरांत लावणीला गेले होते, नदीपलीकडच्या. तिकडंच खळ्यावर राहायचे. वर उरले होते धाकलू, त्याचा भाऊ मंगळ्या, बाया आणि पोरं. दोघांच्यानं डोंगरातून डोली उतरत नाही.

धाकलू सकाळी खाली गेला. हैबतराव अलीकडच्या बांधावर इरलं घेऊन उभे होते. धाकलूनं सांगितलं, "आबा, बाळीला तुमचाच आजार झालाय. आमची मानसं सोडा. चौघं दिली तरी चालंल, मी आन मंगळ्या हायेच."

हैबतरावांनी डोंगराकडं बघितलं, खाचराकडं बघितलं. चिखलणी झालेली, पाणी बांधलेलं, रोपं उपटून ठेवलेली. म्हणाले, "आज चिखल तयार हाय रं. उद्या सकाळी समदी पाठवतो. चौघं कशाला, आठ पाठवतो. माझ्या घरची डोली न्हाई का ती? तू जा, डोली बांधून ठेव."

धाकलू माघारी फिरला. नदी ओलांडून दोन खाचरं गेला असता तर वाडीचीच माणसं त्याच्यापुढं चिखलात वाकलेली होती. नुसती हाक मारली असती तरी हातातली रोपं टाकून ती निघाली असती. पण ज्यानं भंडारा उचलून शब्द दिला त्याच्याकडं मागितल्यावर पुन्हा परस्पर हाक मारायची, म्हणजे त्याच्या शब्दावर थुंकल्यासारखं. वाडीत तसं करत नाहीत. म्हणून त्यानं हाक मारली नाही. मी त्याला एकदाच विचारलं, का नाही मारलीस? तो म्हणाला, "आबानं व्हय म्हनलं व्हतं की." मग मी पुन्हा विचारलं नाही.

वाटेत कोळवणचा दूधवाला भेटला, त्याच्याबरोबर त्यानं मला निरोप धाडला. उद्या सकाळच्या गाडीला बाळीला आणतोय, गाडी थांबवून धर.

मी गाडी थांबवली. कंडक्टर ओळखीचा, त्याला फुकट भजी चारली. आत बसलेले लोक कुरकुरायला लागले, मी त्यांना झापलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मी त्याला चहा नेऊन दिला. कोळवणच्या वाटेकडं बघून बघून डोळे दुखले. पाऊस पडत होता आणि वाट मोकळी होती. शेवटी कंडक्टर म्हणाला, "वाल्मीक, आता माझी नोकरी जाईल." गाडी गेली. मी हॉटेल पोरांच्या हवाली केलं आणि चालत सुटलो.

नदीच्या अलीकडं हैबतरावांची खाचरं लागली. वाडीच्या बाजूनं पलीकडची, पण पौडकडून जाताना तीच आधी लागतात. लावणी जोरात. उंबरटेपाचे सगळे बाप्ये रांगेनं वाकलेले. मला वाटलं, डोली पोचवून आले की काय? पण डोली तर पोचलीच नव्हती. मी बांधावरून ओरडलो, "अरे, डोली कुठं आहे?"

एकानं मान वर केली. "कुनाची डोली?"

"धाकलूच्या बायकोची!"

"का? बाळाबाईला काय झालं?"

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आदल्या दिवशी नाही, त्या सकाळी नाही. चिखल तयार होता ना. सांगितलं असतं तर माणसं गेली असती, आणि डोली पौडला नेऊन परत यायला दोन दिवस गेले असते, तोवर रोपं पिवळी पडली असती. हातातल्या रोपांच्या जुड्या तिथंच पाण्यात पडल्या. सगळी माणसं चिखलाच्या पायांनी नदीत शिरली. मीही त्यांच्या मागं.

वर काय झालं होतं ते मंगळ्यानं सांगितलं. धाकलूनं आदल्या दिवशीच डोली बांधली होती. तोच कळक, तेच घोंगडं, पाठीला तुसाचं पोतं. उजाडल्यावर बाळाबाईला उचलून त्यात बसवली, म्हणजे माणसं आली की नुसतं उचलायचं. कळकाची टोकं ओट्यावर आणि उखळावर टेकवली होती. पोत्याला टेकल्यावर तिला जरा बरं वाटलं. ती म्हणाली, "बरं हाय की तुझ्या आबाचं शिव्हासन." मग वाट बघणं सुरू झालं. माणसं येईनात तशी मंगळ्याला खाली पिटाळलं. हैबतरावांच्या वाड्यावर त्यांचा कारभारी गेणबा दारातच उभा होता. "मानसं निगाली की मघाशीच. वरच्या वाटंनं गेली. तुला दिसली न्हाईत?" मंगळ्या पळत परत. दोघं भाऊ अंगणात उभे राहून वरच्या वाटेकडं बघत राहिले. निघालीच नव्हती ती माणसं कुठून दिसणार?

आम्ही पोचलो तेव्हा बाळाबाई डोलीतच होती. बसलेली. डोळे वाटेकडं. धाकलू पुढच्या टोकाशी उजव्या अंगाला वाकला होता, कळकाखाली खांदा लावून. उचलायच्या तयारीत. त्याला आम्ही दिसलो आणि तो म्हणाला, "आलात का? चला, उचला." मंगळ्यानं त्याला धरून बाजूला घेतलं. वाडीतली ती मोठमोठी माणसं अंगणात बसून लहान पोरांसारखी रडली. "धाकल्या, आमी तितंच व्हतो रं. आमी तितंच व्हतो."

दुपार कलल्यावर गेणबा आला. बरोबर कोळवणची आठ माणसं, धुतलेल्या कपड्यांत. नवा बांबू, कोरं कापड, मडकं, सगळं सामान. हैबतरावांनी पाठवलं होतं. कुणीतरी पळत जाऊन बातमी दिली असेल. गेणबा खाली मान घालून म्हणाला, "आबांनी सांगितलंय, पयला खांदा आमच्या घरचा."

धाकलू उठला आणि त्या आठ जणांपुढं जाऊन उभा राहिला. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग गेणबाला म्हणाला, "काल चौघं मागितलं व्हतं. आज आठ आलात. जिती व्हती तवा तुमाला लई जड व्हती का रं?"

मग त्यानं डोलीकडं बोट केलं.

"हिला आमची आमी न्हेतो. आबाला सांग, त्याचा खांदा त्याच्यापाशीच ऱ्हाऊ दे."

आठही जण आल्या पावली उतरले. बांबू आणि कापड अंगणात ठेवून निघाले होते, धाकलूनं ते त्यांच्या मागं नेऊन परत दिलं.

पंधरा-वीस दिवसांनी तो पौडला आला. एकटाच, आणि पहिल्यांदाच डोलीशिवाय. म्हणाला, "शेट, डाक्टरकडं चल माझ्यासंगट. मला बोलाया यायचं न्हाई." मी गेलो. बोलला मात्र तोच.

"सायब, फिरता दवाखाना आमच्या वाडीवर आना."

डॉक्टर म्हणाले, "अरे, तूच सभेत म्हणाला होतास, आमच्याकडं हा आजार नाही."

"तवा म्हनालो. आता हाय म्हनतोय."

डॉक्टरांनी त्याला बसवून घेतलं, नीट समजावलं. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. "हे बघ, पुण्याला कुठून किती रुग्ण जातात त्यावरून वरचे लोक ठरवतात. धाप आणि सूज घेऊन गेलेले कोळवणचे कितीतरी आहेत. उंबरटेपचा एकही नाही. जिथं रुग्ण जास्त तिथं आधी जायचं, असा हुकूम आहे."

"माझी बाळी हायेच की."

"ती दवाखान्यात आली होती का?"

"न्हाई. आनायची व्हती."

"मग ती त्यात धरता येत नाही रे."

धाकलूनं पंजा पुढं धरला. मग बोटं मोजत म्हणाला, "माझा बाप पाय सुजून गेला. मंगळ्याची सासू बसल्या बसल्या गेली. तिचा भाऊ धापंनं गेला. ह्यांतलं कुनीच आलं न्हाई हितं. जे आलंच न्हाई ते मेलंच न्हाई का, सायब?" डॉक्टरांनी वर लिहून बघतो म्हटलं. लिहिलंही असेल. वाडीवर कुणी आलं नाही.

त्या दिवशी धाकलूनं मला मनातलं सांगितलं. म्हणाला, "आबाला परत पानी भरंल. लोनचं सुटत न्हाई त्याचं. मग बोलावनं येईल. तवा मी कळक न्हेऊन त्याच्या अंगनात टाकनार आन म्हननार, उद्या येतो." एवढ्यासाठी तो जगत होता म्हटलं तरी चालेल. कळक त्यानं वळचणीला तसाच ठेवला होता. खालच्या गावांतली बोलावणी आली तर मंगळ्याला पाठवायचा, स्वतः जायचा नाही. खांद्यावरचा घट्टा हळूहळू मऊ पडला. मी आता खुंटीचा विनोद करत नव्हतो.

पण त्याचं तेवढंही झालं नाही. बासष्टच्या सुमारास कोळवणला खडीचा रस्ता आला, नदीवर फरशीचा पूल झाला. रस्ता हैबतरावांच्या दारापर्यंत आला आणि थांबला. वाडीपर्यंत न्या म्हणून कुणीतरी बोललं होतं म्हणे. तर उत्तर आलं, त्यांना कशाला रस्ता, ती काटक माणसं.

पुढच्याच पावसाळ्यात, भर पावसात, एक जीप माझ्या हॉटेलसमोर येऊन थांबली. धाकलू तेव्हा माझ्याकडंच होता. हिरड्याचं ओझं विकायला आला होता, बाकड्यावर बसून चहा पीत होता. जीपमध्ये हैबतराव. पाय सुजलेले, तोंड काळवंडलेलं, गेणबाच्या अंगावर रेललेले. आणि पाठीला तुसाचं पोतं. धाकलूची युक्ती तेवढी त्यांनी बरोबर उचलली होती. कोळवण ते पौड जीपला अर्धा तासही लागला नसेल. बोलावणं कुणाला पाठवायचं आणि उद्या येतो कुणाला म्हणायचं?

पोतं घसरलं होतं. गेणबाला ते लावता येईना. हैबतरावांची नजर बाकड्याकडं गेली. त्या खणखणीत आवाजाचं आता नुसतं कुजबुजणं राहिलं होतं. "धाकल्या... हितं ये. पोतं लाव जरा. ह्यास्नी जमत न्हाई."

मी भट्टीमागं होतो. मनात म्हटलं, बशी फेकून मार. धाकलू उठला. पावसात गेला. हैबतरावांना एका हातानं पुढं घेतलं, दुसऱ्या हातानं पोतं खालून दाबून वर सरकवलं, त्यांना मागं टेकवलं. त्यांचा श्वास जरा मोकळा झाला. धाकलूचा हात अजून पोत्यावरच होता.

तो म्हणाला, "आबा, बाळीबी अशीच बसली व्हती. तुमच्या मानसांची वाट बगत."

हैबतरावांनी डोळे उघडले. त्याच्याकडं पाहिलं. खरोखर आठवायचा प्रयत्न केला, हे मी शपथेवर सांगतो. मग विचारलं, "कोन बाळी?"

गेणबानं तोंड दुसरीकडं फिरवलं. ड्रायव्हरनं जीप सुरू केली, आणि ती पुण्याच्या रस्त्याला लागली.

धाकलू भिजत तिथंच उभा राहिला. मी बाहेर जाऊन त्याला आत आणलं, नवा चहा दिला. मी हैबतरावांना नाही नाही ते बोलत होतो, तोंडाला येईल ते. त्यानं मला हातानं थांबवलं.

"दम त्याचाबी तसाच वाजतोय, शेट," तो म्हणाला. "अगदी बाळीवानी."

चहा त्यानं तसाच ठेवला, ओझ्याची रिकामी दोरी डोक्याला गुंडाळली आणि डोंगराची वाट धरली.